मदत हवी आहे: खाजगी जंगल राखायला सीएसआरचा (कंपन्यांच्या समाजकार्य निधीचा) पैसा, करार १० वर्षांचा आणि ग्रांट १ वर्षाची

नमस्कार मंडळी, आमचा छोटा ट्रस्ट आहे संगमेश्वर तालुक्यात. आमच्याकडे बरंचसं जंगल खाजगी मालकीचं, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मंडळी मुंबईला, आणि ठेकेदार आला की लाकूडतोडीला सौदा ठरतो. आम्ही मालकांना १० वर्षं न तोडण्याचा मोबदला देऊन करार करतोय, धनेश पक्ष्याची घरटी असलेली बेहड्याची जुनी झाडं आधी.

एक कंपनी सीएसआरमधून पैसे द्यायला तयार आहे, हा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी, आयकर सवलतीची १२ए, ८०जी नोंदणी सगळं आहे आमचं, पण त्यांना ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय आणि रिपोर्टमध्ये 'किती झाडं लावली' हाच रकाना! अहो, आम्ही लावत नाही, उभी आहेत ती राखतोय.

'ऑनगोइंग प्रोजेक्ट' (एका वर्षाहून जास्त चालणारा) दाखवला तर पहिलं वर्ष सोडून पुढे ३ वर्षं मिळतात हे माहितीये, पण उरलेल्या वर्षांचं काय? मोबदला एकरकमी द्यावा की टप्प्याटप्प्याने? मुंबईकर भाऊबंदांच्या सह्या कशा घेता, कुलमुखत्यारपत्र चालतं का? आणि ऑडिटर मालकांच्या पावत्या मान्य करतो का? कोणी असं केलं असेल तर कराराचा नमुना दाखवा प्लीज, पुढच्या आठवड्यात बजेट द्यायचंय.