मदत हवी आहे: अपिस्टोची पिल्लं पोहू लागल्यावर पाचव्या दिवसापासून मरतात

अपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडिस (अपिस्टो) या छोट्या शोभेच्या माशांची जोडी आहे. टाकी 60×30×30 सेंमी, स्पंज फिल्टर, तळाला बारीक वाळू, देशी बदामाची वाळलेली पानं, नारळाची करवंटी. आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार) 110, पीएच 6.6, तापमान 27 अंश. अमोनिया, नायट्राइट शून्य.

अंड्यांची अडचण नाही. मादी पिवळीधमक होते, करवंटीच्या छताला साठेक अंडी चिकटवते आणि नराला जवळ फिरकू देत नाही. तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात, आठव्या दिवशी पिल्लं पोहतात. पहिले चार दिवस भिंगातून पाहिलं की प्रत्येकाचं पोट आर्टेमियाने (अंड्यांतून काढलेली खाऱ्या पाण्यातली सूक्ष्म कोळंबी) नारिंगी, टम्म दिसतं. मग रोज पाच-सात पिल्लं पोट खपाटीला जाऊन तळाशी आडवी पडलेली. फार वाईट वाटतं हो!

आर्टेमिया असा काढतो: 1 लिटर पाण्यात 25 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा, 28 अंश, 24 तास हवा. टरफलं वेगळी करून, गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून दोनदा ड्रॉपरने देतो.

संशय दोन आहेत. संध्याकाळी सकाळचाच आर्टेमिया जातो. तोवर त्याच्या अंगातला बलक बराच संपलेला असतो. शिवाय गोड्या पाण्यात तो काही तासांत मरतो आणि पिल्लं चरतात त्याच वाळूवर कुजतो.

आर्टेमियाच्या दोन बाटल्या 12 तासांच्या अंतराने लावाव्यात का? तळ सायफन करताना पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून काय वापरता? सोबत मायक्रोवर्म (खाद्य म्हणून वाढवलेले सूक्ष्म कृमी) कितव्या दिवसापासून द्यावेत?