आरसा घासायची गुलाबी पावडर घरात सांडली, बाळ रांगतं आहे. सेरियम ऑक्साइडबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्याला राहतो. माझे सासरे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. दिवाळीपासून ते आणि माझा मोठा मुलगा (आठवीत आहे) गॅलरीत बसून दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासताहेत. कार्बोरंडमने (काच घासायची खरखरीत भुकटी) आरशाला खोलगटपणा आला, बारीक घासणं झालं, आता पॉलिश चालू आहे. त्यासाठी अर्धा किलो गुलाबी पावडर मागवली. आली ती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मार्करने ‘सेरियम’ एवढंच लिहिलेलं. कंपनी नाही, तारीख नाही, सूचना नाहीत.

रविवारी ती पिशवी हॉलमध्ये फाटली. पंखा चालू होता. मी सवयीने केरसुणी घेतली आणि झाडायला लागले. खिडकीतून ऊन येत होतं, त्या उन्हात सगळी गुलाबी धूळ तरंगताना दिसली तेव्हा हात थांबला. तोवर आमची नऊ महिन्यांची धाकटी त्यातून रांगत आली होती. तळवे गुलाबी, ओठांनाही लागलेलं. लगेच तोंड पुसलं, अंघोळ घातली. खोकला नाही, उलटी नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं नीट आहे म्हणाले, पण पावडरीत नेमकं काय आहे ते शोधून काढा असंही म्हणाले.

रात्री शोधत बसले तर ‘दुर्मिळ मृदा’, ‘थोरियम’, ‘किरणोत्सर्गी’ असलं काय काय वाचलं. तेव्हापासून झोप नाही. बाबांनी या वयात इतक्या हौसेने काम काढलंय, ते थांबवायला मन धजत नाही. पण बाळाच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही.

ही पावडर खरंच किरणोत्सर्गी असते का? सोफ्यात गेलेली कशी काढू? काम पुढे चालू ठेवायचं तर कसं? कुणी प्रत्यक्ष हाताळली असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, चष्म्याच्या काचा पॉलिश करायच्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली. ही पावडर आमची रोजची.

पाण्यात कालवलेली असते तोवर ती फार त्रास देत नाही. हाताला लागली तर धुऊन जाते. वाईट असते ती वाळलेली. एप्रनवर वाळते, टेबलाच्या कडेला वाळते, जमिनीवर शिंतोडे वाळतात, आणि मग कुणी झटकलं की हवेत जाते. आमच्याकडे पूर्वी संध्याकाळी एप्रन दारात झटकायची पद्धत होती. नंतर ती बंद करून ओल्यातच धुवायला लावले, ते योग्यच झालं.

तुमच्याकडेही केरसुणी आणि पंखा या दोनच गोष्टींनी घात केला. आता घरात कोरडं झाडू नका. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, बारीक कण त्याच्या पिशवीतून आरपार मागच्या बाजूने बाहेर पडतात. पंखा बंद, खिडक्या उघड्या, बाळ दुसऱ्या खोलीत. ओल्या फडक्याने पुसा, फडकं वरचेवर बदला. सोफ्याची कव्हरं झटकू नका, जागेवरच पाणी शिंपडून ओली करा, घडी घाला आणि बादलीत बुडवा. पडदे विसरू नका.

प्रतिसाद २

मी रसायनशास्त्राची आहे. आधी भीतीबद्दल.

सेरियम स्वतः किरणोत्सर्गी म्हणून घाबरावं असं मूलद्रव्य नाही. थोरियम हे मात्र किरणोत्सर्गी मूलद्रव्य, आणि त्याचं नाव येतं ते खनिजामुळे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज असतं, त्यात सेरियमही असतं आणि साधारण 8 ते 10 टक्के थोरियम ऑक्साइडही. केरळात आलुव्याच्या कारखान्यात 1952 पासून हे वेगळं करायचं काम सुरू झालं. नीट शुद्ध केलेल्या पॉलिश पावडरीत थोरियम राहिलं तर अगदी लेशमात्र. गॅसबत्तीचे जुने मेंटल आठवतात? ते जवळजवळ 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. दोन्ही नावं एकत्र वाचायला मिळतात, त्याचं एक कारण हेही असावं.

पोटात गेल्याचीही फार काळजी नको. सेरियम ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून अगदी कमी शोषलं जातं. पण न विरघळणं हाच गुण फुप्फुसात अवगुण ठरतो. एक-दोन मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) कण खोलवर जातात आणि बराच काळ तिथेच राहतात. सेरियम असलेल्या कार्बन आर्क दिव्यांजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्या छपाई कामगारांमध्ये, आणि काच पॉलिश करणाऱ्यांतही, फुप्फुसात सेरियम साठून न्यूमोकोनिओसिस (धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2009 मध्ये आयुष्यभर रोज श्वासात जाणाऱ्या हवेसाठी घनमीटरला 0.0009 मिलिग्रॅम इतकी कमी पातळी सुचवली. हा आकडा जन्मभराचा आहे, एका रविवारचा नाही. बाळाला त्या एका दिवसाने असा आजार होणार नाही. मात्र धाप, खोकला किंवा घरघर दिसली तर थेट डॉक्टर.

मला खरी काळजी त्या पिशवीची वाटते. ‘सेरियम’ हे काही पावडरीचं पूर्ण नाव नव्हे. सेरियम नायट्रेट किंवा सेरिक अमोनियम नायट्रेट ही वेगळीच रसायनं आहेत: डोळ्यांना घातक, आणि कागद-कापडासारख्या वस्तूंचा पेट वाढवणारी. तुमची गुलाबी आहे, पाण्यात न विरघळता तळाशी बसत असेल, तर बहुधा ऑक्साइडच. शुद्ध ऑक्साइड फिकट पिवळसर असतं, गुलाबी-तपकिरी छटा प्रासियोडिमियमसारख्या सोबत आलेल्या मूलद्रव्यांमुळे येते. पण काही पॉलिश पावडरींत लॅन्थॅनम (सेरियमसारखंच एक मूलद्रव्य) आणि फ्लोराइडही असतं, ते रंगावरून कळत नाही. विकणाऱ्याकडे सेफ्टी डेटा शीट (रसायनात काय आहे आणि धोका काय हे सांगणारा कागद) मागा. देत नसेल तर ती पावडर वापरू नका. लहान मुलाच्या घरात मी यात तडजोड करणार नाही.

प्रतिसाद ३

चार आरसे घासलेत, त्यावरून सांगतो. सहा इंची आरशाला अर्धा किलो कधीच लागत नाही, त्याच्या एका अंशात काम होतं. डबा एकदाच उघडायचा, तोही घराबाहेर, एन-95 मास्क लावून (रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही). चार-पाच चमचे पावडर बाटलीत पाण्यावर सोडायची, झाकण लावून हलवायची. पुढे महिनाभर त्या बाटलीतूनच घ्यायचं, कोरड्या पावडरीशी संबंधच नाही. खाली ओलं फडकं अंथरा, उठताना ते पाण्यात टाका.

हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. ही पावडर पाण्याच्या सातपट जड आहे, पाइपात बसते. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी काढा, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधा. कुंड्यांत नको.

आणि बाबांना आत्ताच सांगून ठेवतो: पुढे घरी चांदीचा मुलामा द्यायचा विचार असेल तर सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं मिश्रण कधीही साठवून ठेवू नका. ते शिळं झालं की स्फोटक होतं. सेरियमपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. आरशाला ॲल्युमिनियमचा मुलामा (ॲल्युमिनाइज) बाहेर कुणाकडून तरी करून घ्या.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल बाबांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, पण त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि स्वतः पडदे बुडवायला घेतले. विकणाऱ्याने डेटा शीट ‘नसते’ म्हणून सांगितलं, त्यामुळे ती पिशवी ओली करून, दुहेरी बांधून बाजूला ठेवली आहे. दुसरीकडून शीटसकट शंभर ग्रॅम मागवली. काम आता गच्चीवर चालेल, आणि दोघं खाली येताना कपडे बदलूनच येतील.

एक राहिलं: ज्यावर आरसा घासून पॉलिश करतात तो पिचचा (डांबरासारख्या चिकट पदार्थाचा) थर त्या जुन्या पावडरीने माखलेला आहे. तो धुऊन चालेल, की नवीन ओतायचा?

प्रतिसाद ३

नवीन ओता. पिच मऊ असतं, कण त्यात रुतून बसतात, धुऊन निघत नाहीत. आणि पिच तापवताना ते उघड्या आचेवर ठेवू नका, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून मऊ करा, त्याची वाफही पेट घेते. मुलाला तेवढा वेळ लांब बसवा.