रोजच्या लिखाणासाठी बारीक स्टब की कर्सिव्ह इटॅलिक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं शाईच्या पेनानेच लिहितो, पण निब कायम साधी, गोल टोकाची मीडियम. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच १.१ मिमी रुंदीची स्टब निब (गोलऐवजी सपाट, रुंद टोकाची) घेतली आणि पहिल्याच पानावर आपलं अक्षर आपल्याला नव्याने दिसलं. काने ठसठशीत, शिरोरेघ बारीक, वेलांटी वळताना रेघ आपोआप जाड होत जाते. पुढचे चार दिवस दुसरं पेन हातात धरलं नाही.

पण रोजचं काम त्या निबेने होत नाहीये. माझं अक्षर लहान आहे. ८ मिमी आखलेल्या वहीत शिरोरेघेपासून कान्याच्या पायापर्यंत जेमतेम ३ मिमी. १.१ च्या निबेने त्या उंचीत 'क' आणि 'भ'ची पोटं भरून जातात, 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, आणि 'क्ष' म्हणजे नुसता शाईचा ठिपका. घाईत घेतलेली टिपणं दुसऱ्या दिवशी मलाच अडखळत वाचावी लागतात. अक्षर मोठं काढून पाहिलं. शोभिवंत दिसतं, पण वेग निम्मा होतो आणि दोन ओळी सोडून लिहावं लागतं.

आणखी एक त्रास आहे. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढताना निब कागदाला खरखरते. उलट दिशेने किंवा खाली येताना तसं होत नाही. मी पेन किंचित आत वळवून धरतो, त्यामुळे कोपरा टोचत असेल असं वाटतं. बारीक सॅंडपेपरने कोपरे थोडे घासावेत का?

आतापर्यंत वाचून जे समजलं ते असं: स्टबचे कोपरे गोलसर असतात, म्हणून ती हाताला माफ करते, पण तिची बारीक रेघ तितकीशी बारीक येत नाही. क्रिस्प इटॅलिकचे कोपरे धारदार, जाड-बारीक फरक देखणा, पण भरभर लिहिताना वर जाणारी रेघ कागदात रुतते. कर्सिव्ह इटॅलिक या दोहोंच्या मधली. बाजारात तयार मिळतं ते बहुतेक १.१ पासून पुढेच. लॅमी कंपनीच्या सुट्या निबा १.१, १.५ आणि १.९ मिमीच्या, ट्विस्बीची स्टबही १.१. पायलटची सीएम (कॅलिग्राफी मीडियम) निब यांच्यापेक्षा बारीक आहे असं कळतं.

तर माझ्यासारख्या बारीक अक्षरवाल्याने किती रुंदीची निब घ्यावी? साधी ब्रॉड निब घेऊन ती जाणकाराकडून ०.६ किंवा ०.८ ची कर्सिव्ह इटॅलिक घासून घेणं जास्त शहाणपणाचं का? आणि जे रोज मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहितात, त्यांना एकच निब दोन्ही लिप्यांना पुरते का?

प्रतिसाद

आधी सॅंडपेपर बाजूला ठेवा. एकाच दिशेने खरखर येते म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्याचा दोष नसतो, निबेच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची टोकं एका पातळीत नसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि निब समोरून बघा. उजवीकडे जाताना टोचत असेल तर डावं (लिहिताना तुमच्या डाव्या बाजूचं) टोक किंचित खाली आलेलं असण्याची शक्यता जास्त. ते नखाने हलकेच वर दाबायचं, पुन्हा भिंगातून बघायचं, पुन्हा लिहून बघायचं. घाई नको. घासलेला धातू परत येत नाही.

आता रुंदी. इटॅलिक वळणात छोट्या रोमन अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या साधारण ५ पट ठेवतात. हाच हिशेब उलटा लावा. ३ मिमी उंची म्हणजे ०.६ मिमी निब. १.१ ला तब्बल साडेपाच मिमी उंची लागेल, तुमच्या ८ मिमीच्या ओळीत वेलांटी-उकारांना जागाच उरणार नाही. शिवाय ओली शाई कागदावर धातूच्या रुंदीपेक्षा थोडी पसरते, म्हणून शंका असेल तिथे बारीककडे झुका. सध्याच्या निबेतही कोरडी, म्हणजे कमी वाहणारी शाई आणि गुळगुळीत कागद वापरून बघा. आयर्न गॉल शाईने (लोहक्षार आणि टॅनिनची जुन्या पद्धतीची शाई) रेघ बरीच आटोपशीर राहते. पोटं थोडी तरी उघडतील.

दोन लिप्यांचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे निराशा होऊ शकते. उजव्या हाताने सरळ छाटाची निब धरली की डावीकडून उजवीकडे खाली येणारी तिरकी रेघ जाड पडते आणि खालून उजवीकडे वर जाणारी बारीक. रोमनला हेच हवं. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत नेमकं उलट असतं, शिवाय शिरोरेघही कान्यासारखी भरीव. म्हणून बोरूचं टोक तिरकं छाटतात. कागद फिरवून थोडा फरक पडतो, पण पूर्ण उलटा तोल साधत नाही. पेन बोटांत फिरवायला जाल तर एक कोपरा कागदावरून उचलला जाईल आणि शाई तुटेल.

मी स्वतः याचा फार आग्रह धरत नाही. टिपणांच्या अक्षरात बारीक शिरोरेघ आणि जाड काना हे रूप मला आवडतं. पण बोरूचं वळणच हवं असेल तर तिरकी घासलेली निब वेगळ्या पेनात ठेवा, आणि घासून घेताना तुमच्या हातचं एक पान नमुना म्हणून द्या. तुम्ही पेन किती वळवता हे त्याशिवाय घासणाऱ्याला कळणार नाही.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. भिंगातून पाहिलं. डावं टोक खरंच खाली होतं, केसाएवढं. तीन-चार वेळा नखाने दाबलं आणि खरखर गेली. सॅंडपेपर हातात घेतला असता तर चांगली निब वाया घालवली असती.

शाई बदलून 'क'ची पोटं थोडी उघडली. 'क्ष' अजून बुजतोच. म्हणजे ही १.१ आता पत्रांसाठी आणि पहिल्या पानांवरच्या शीर्षकांसाठी राहील. रोजच्यासाठी ब्रॉड निब घासून घ्यायची असं जवळजवळ ठरवलंय, नमुन्याचं पान आजच लिहून ठेवतो. तिरक्या छाटाचा विचार सध्या नाही, माझं अर्धं लिखाण इंग्रजीत असतं.

फक्त ०.६ आणि ०.८ मध्ये अडकलोय. हिशेब ०.६ म्हणतो, पण इतक्या कमी रुंदीत जाड-बारीक फरक डोळ्यांना जाणवतो का? माझ्या जुन्या मीडियमची रेघही साधारण तेवढीच पडते, म्हणून शंका. कोणी दोन्ही वापरल्या असतील तर त्याच वहीत, त्याच शाईने लिहिलेल्या चार ओळींचा फोटो टाकाल का? शक्यतो 'क्ष', 'घ', 'ध' असलेल्या.