कॅन्सर निधीसाठी कुत्र्यासोबत चाललात का? तुमचे अनुभव सांगा

शेपूटवाली:

मंडळी, आमच्या गटाचा डॉग वॉक ठरलाय. कॅन्सर पेशंटच्या उपचारांसाठी निधी गोळा करायचाय, मी पहिल्यांदाच आयोजनात आहे आणि मीटिंगमध्ये सगळा वेळ टीशर्टचा रंग कोणता यावरच जातोय. म्हणून म्हटलं ज्यांनी हे केलंय किंवा नुसते चालून आलेत त्यांनाच विचारावं. "छान झालं, भारी वाटलं" एवढ्यावर आटपू नका, प्रत्यक्षात काय झालं ते लिहा, कुत्र्यांचं, माणसांचं, पैशांचं काहीही चालेल. पेशंट असाल तर काय खुपलं तेही लिहा.

आणि एक प्रश्न सासूबाईंचा. त्या म्हणतात, मदत करायची तर पैसे द्या आणि मोकळे व्हा, मध्ये कुत्रा कशाला? मला धड उत्तर देता आलं नाही.

मोगरा_७:

सासूबाईंना माझ्याकडून सांग. मला ब्रेस्ट कॅन्सर होता, ट्रीटमेंट संपली तरी लोक भेटले की चेहरा पाडून "कशी आहेस?" विचारायचे आणि मी "मस्त" म्हणून विषय संपवायचे. वॉकला कोणी तोंडाकडे बघतच नाही हो, सगळ्यांचं लक्ष खाली कुत्र्याकडे असतं. एक गृहस्थ डॅक्सहुंड घेऊन माझ्या बाजूने चालत होते, त्या बुटक्या पायांमुळे आम्ही दोघं सगळ्यात मागे पडलो. आधी कुत्र्याचं नाव, वय, खातो काय, आणि मग मध्येच, आवाज न बदलता, "हा खरं तर मिसेसचा कुत्रा, ती गेली, मला तर त्याचं ब्रशिंगसुद्धा येत नव्हतं." मी म्हटलं माझं पण झालंय. तर म्हणे कुठली स्टेज, केमो किती, सगळं सरळ. एवढं मोकळं मी सख्ख्या बहिणीशी बोलले नव्हते. समोरासमोर खुर्च्या टाकून बसवलं असतं तर आम्ही दोघंही गप्प राहिलो असतो.

आयोजकांसाठी एक. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या बायका येणार हे धरून चाला. त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कायम राहतो, त्यामुळे जोरात ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी त्या हातात नको. मी कमरेला बांधायचा पट्टा वापरते, पण तोही कुत्रा आटोक्यातला असेल तरच, नाहीतर खार दिसली की आपणच झाडाखाली. सोबत धरायला एखादा स्वयंसेवक असला तर फार बरं.

अण्णा_फिरस्ता:

मी बरीच वर्षं यात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन करा.

पहिली गोष्ट ऊन. "सकाळी लवकर" असं पत्रकात छापतात आणि मग भाषणं, दीपप्रज्वलन, ग्रुप फोटो करत वॉक सुरू होतो तेव्हा डांबर तापलेलं असतं. आपल्या पायात बूट असतात त्यामुळे कळत नाही. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, सहन होत नसेल तर कुत्र्याच्या पंजाच्या गाद्यांनाही होणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो, आणि पग, बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्यांना तेही नीट जमत नाही. म्हणून एक छोटी फेरी आणि एक मोठी, दोन्ही ठेवा. छोट्या फेरीत म्हातारी कुत्री, पग मंडळी आणि चालू उपचारातली माणसं आपोआप येतात, कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. भाषणं शेवटी. शक्य असेल तर नकोच.

दुसरं, दोरी. ती बटण दाबून लांब होणारी दोरी नोंदणीच्या टेबलावरच बदलून घ्या, साधी दीड-दोन मीटरची द्या. गर्दीत ती लांब दोरी दोन कुत्री आणि तीन माणसांच्या पायात गुंडाळली जाते, वर बोटाला चरा पडतो तो वेगळा. रेबीजच्या लशीचं कार्ड बघितल्याशिवाय आत सोडू नका, माजावर आलेली कुत्री घरीच राहू दे. बुजऱ्या कुत्र्यांच्या दोरीला पिवळी फीत बांधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे "माझ्यापासून लांब राहा". पण तिचा अर्थ माईकवरून दहादा सांगावा लागतो, नाहीतर लोक "अय्या, रिबन!" म्हणत कुरवाळायला तिथेच येतात.

तिसरं पैसे, आणि खरी भांडणं इथेच होतात. "एवढे जमले" आणि "एवढे पोचले" हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही जाहीर करा. मंडप, माईक, पाणी, छपाई, टीशर्ट हे सगळं वजा होऊन पेशंटपर्यंत काय गेलं हे लोकांना कळलंच पाहिजे. एका वर्षी आमच्या टीशर्टचा खर्च बघून मलाच कसंतरी झालं. आता टीशर्ट हवा असेल त्याने वेगळे पैसे भरून घ्यायचा, आणि बहुतेकांना नको असतो असं निघालं. पावती जागेवर. नोंदणी फी लहान ठेवा, खरा पैसा ओळखीपाळखीतून येतो, म्हणजे प्रत्येक चालणाऱ्याने दहा जणांना मेसेज करायचा की मी आणि माझा टायगर एवढे किलोमीटर चालणार, तू काय देतोस. स्वतःसाठी मागायला लाज वाटते, टायगरच्या फोटोखाली मागायला वाटत नाही. सासूबाईंना हे पण उत्तर द्या.

गोल्डीचा_बाबा:

आमची गोल्डी गोल्डन रिट्रीव्हर. हनुवटीखाली खाजवताना दोन्ही बाजूंना गोटीएवढ्या गाठी हाताला लागल्या, दुखत नव्हत्या, ती मजेत होती. मग मागच्या गुडघ्यांमागेही लागल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. तिला केमो दिली म्हटल्यावर लोक वेड्यात काढायचे, पण कुत्र्यांची केमो माणसांएवढी जहाल नसते, उरलेले दिवस बरे जावेत हा हेतू असतो, आणि बहुतेकांचे केससुद्धा जात नाहीत. ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके महिने नाही, चांगली त्याहून जास्त जगली.

उपचार चालू असतानाच तिला वॉकला नेलं. तिथे एक बाई मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, माणसांना औषध मिळत नाही आणि हे कुत्र्यांवर उधळतायत. मी काही बोललो नाही, पण इथे लिहितो. हाडांचा जो कॅन्सर मुलांना आणि तरुणांना होतो, ऑस्टिओसार्कोमा, तोच मोठ्या जातीच्या कुत्र्यांना कितीतरी जास्त प्रमाणात होतो, आणि दोघांतलं साम्य एवढं आहे की एकाच्या अभ्यासाचा दुसऱ्याला उपयोग होतो. टेरी फॉक्स हा कॅनडातला मुलगा, त्याचा पाय याच कॅन्सरने गेला. १९८० साली तो कृत्रिम पायावर कॅन्सर संशोधनासाठी पैसे गोळा करत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला, मग आजार फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं, पुढच्या वर्षी गेला. त्याच्या नावाने १९८१ पासून दौडी होतात. आणि अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन रिट्रीव्हरांचा आयुष्यभर अभ्यास चाललाय, कॅन्सर का होतो ते शोधायला. तेव्हा माणूस वेगळा आणि कुत्रा वेगळा इतकी सरळ वाटणी नाहीये ती.

नुसतीवाचक:

मला कुत्र्यांची भीती वाटते, तरी गेले होते कारण ऑफिसातल्या मैत्रिणीचं ऑपरेशन झालेलं. मला पाण्याच्या टेबलामागे उभं केलं. शिकले ते एवढंच की एक मोठं घमेलं ठेवू नका, भांडणं तिथेच होतात. लांब लांब पाच-सहा भांडी ठेवा. एका लॅब्रेडोरने पाणी पिण्याऐवजी भांड्यात पुढचे दोन्ही पाय घातले आणि तिथून हलेना, मागे रांग. शेवटी त्याच्या मालकिणीने त्याला भांड्यासकट बाजूला सरकवलं.

राखाडी:

थोडं कडू लिहितो. बाबांची केमो चालू होती, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, डॉक्टरांनी गर्दीला सक्त नाही म्हटलेलं. कुत्रा घरचाच, पण त्याने चाटलं-ओरबाडलं तर लगेच धुवा आणि त्याची शी दुसऱ्या कोणीतरी उचला असंही बजावलेलं. ते येऊ शकले नाहीत, मी व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो. आणि माईकवरचा माणूस ओरडतोय, "ज्यांनी हिंमत सोडली नाही ते जिंकले!" बाबांनी फोन ठेवला. म्हणजे जे गेले त्यांनी हिंमत सोडली होती का? निवेदकाला आधी बसवून सांगा की युद्ध, लढवय्ये, विजय हे सगळं बंद. कुत्र्यांची नावं वाचून दाखव म्हणावं, लोक आनंदाने ऐकतील.

मोकळा_पट्टा:

कुत्र्यांना कॅन्सरचा वास येतो हे कोणीच कसं लिहिलं नाही? वॉकला तसा स्टॉलच ठेवा, कुत्रा हुंगून सांगेल.

मोगरा_७:

@मोकळा_पट्टा, नको रे बाबा. वास येतो हे खरंय, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं होतं, एका बाईच्या पायावरचा तीळ तिचा कुत्रा सारखा हुंगायचा, तपासलं तर मेलानोमा, त्वचेचा कॅन्सर. नंतर प्रशिक्षित कुत्र्यांवर अभ्यासही झाले. पण ती कुत्री शिकवलेली असतात, नमुने हुंगतात, आणि तरीही ती काही दवाखान्यातली तपासणी नाही. स्टॉलवर एखाद्या बाईला कुत्र्याने हुंगलं नाही आणि ती गाठ दाखवायचीच राहिली तर? त्यापेक्षा तिथे एक डॉक्टरीण बसव, स्वतःची स्तनतपासणी आणि तोंडातले पांढरे-लाल चट्टे यावर बोलणारी. लोक कुत्रा बांधायला थांबतात तेवढ्यात बोलून होतं.

शेपूटवाली:

सगळ्यांचे आभार, हा धागा जसाच्या तसा मीटिंगमध्ये वाचून दाखवला. टीशर्ट वेगळ्या पैशांत, दोन फेऱ्या, भाषणं रद्द (यावर अध्यक्ष जरा फुगलेत). @राखाडी, निवेदक बदलला. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या कुत्र्याला दुसऱ्या कोणीतरी चालवायचं अशी वेगळी नोंदणी उघडतोय, आजच विचारणा आली. सासूबाईंनी मोगराताईंचं वाचलं, काही बोलल्या नाहीत, पण कितीला निघायचं ते विचारून गेल्या.

आता एक अडलंय. दोन जणांकडे रस्त्यावरून आणलेली, माणसांवर दात दाखवणारी कुत्री आहेत आणि दोघांनाही आणायचंच आहे. मुसकं घालून आणू द्यावं का? अण्णा, तुम्ही काय करता?

अण्णा_फिरस्ता:

मुसकं चालेल, पण त्याची सवय घरी आठवडाभर आधी लावायची, त्या दिवशी पहिल्यांदा नाही. आणि जाळीचंच घ्या, तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, कापडी आवळपट्टी अजिबात नको. त्या दोघांना सगळे निघून गेल्यावर दहा मिनिटांनी सोडा, एकेकटं. तरीही अंग चोरत असेल तर मालकाला एकट्याला चालू दे, पावती कुत्र्याच्या नावाने फाडा.