मदत हवी आहे: आईच्या बुबुळावरची जखम भरतच नाहीये

नमस्कार मंडळी. आईला (वय ६८) दिवाळीत कपाळावर नागीण झाली होती. फोड गेले, पण डाव्या बुबुळाची संवेदनाच गेली. डॉक्टरांनी कापसाचं टोक बुबुळाला टेकवलं, तरी पापणी लवली नाही! दुखत नाही म्हणून तीही "काही नाही गं, जरा लाल झालाय" म्हणत राहिली. तोवर आत जखम झालेली. निदान: न्यूरोट्रॉफिक केरॅटायटिस (नस बधिर झाल्याने बुबुळाची जखम भरत नाही तो आजार).

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दोन महिने घालतोय, जखम आहे तेवढीच. आता तिच्याच रक्तातल्या सीरमचे थेंब करायचे, नाहीतर जखम झाकायला पापण्या थोड्या शिवायच्या असं ठरतंय. शिवायचं म्हटलं की ती उठूनच जाते. याच आजारावरच्या सेनेजरमिन या औषधाच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली (दिवसाला ६ वेळा, ८ आठवडे), पण किंमत ऐकून मी खालीच बसले.

सीरमचे थेंब कुणी वापरलेत का? फरक किती दिवसांत पडला? प्रवासात ते थंड कसे ठेवता? पापण्या शिवलेल्यांचे टाके पुढे सोडवले का? आणि बुबुळाला दुसरी नस जोडायची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत कुणी करून घेतली आहे का?

मध, गुलाबपाणी कृपया सुचवू नका, मावशीने सुचवून झालंय.