वाचनालयात ऑनलाइन काम शिकताना : तुमचा अनुभव सांगा

मराठवाड्यातल्या वाचनालयांत आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या सगळ्यांना या धाग्याचं आमंत्रण. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान गटातल्या, शासनमान्य वाचनालयात बहुतेक ठिकाणी माणूस एकटाच असतो. देवघेव त्यानेच करायची, वर्गणी त्यानेच मागायची, अनुदानाचे कागद त्यानेच भरायचे, आणि आता कॉम्प्युटरही त्यानेच शिकायचा. प्रशिक्षण मिळतं, नाही असं नाही. पण तिथे इंग्रजी पुस्तक हातात घेऊन दाखवतात : आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक, टाका, बाकीची माहिती आपोआप येते. आपल्या कपाटातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन मुळात नसतोच. गावच्या इतिहासावर एखाद्या गुरुजींनी पदरमोड करून छापलेली पुस्तिका तर कुठल्याच तालिकेत आयती मिळायची नाही. तिची नोंद आपण केली तरच होणार. म्हणून माझं मत असं की यंत्र हाताळण्यापेक्षा मराठी नोंद नीट करणं हे आपलं खरं शिकणं आहे. कुणी काय केलं, कसं जमवलं, सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

आमची दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहायची वही, मी एक्सेलमध्ये घेतली. दाखलांक (या वहीतला क्रमांक), ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, वर्गांक (विषयाचा क्रमांक) असे रकाने. ज्या नव्या पुस्तकांवर तेरा आकडी आयएसबीएन आहे, तिथे आकडा टाकला की 9.78E+12 असं काहीतरी दिसायचं. रकाना निवडून आधी त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा आणि मग आकडा टाकायचा, हा त्यावरचा उपाय. दाखलांक 00125 असा लिहीत असाल तर त्यालाही हेच करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. दुसरं म्हणजे फाइल दुसऱ्या प्रणालीत न्यायची तर सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) करावी लागते. तिथे यादीतून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय घ्यायचा. साधा सीएसव्ही घेतला तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला सांगायला हवी, इतकी ती महत्त्वाची आहे.

नांदेड, कॉलेज ग्रंथालय

ताई, विषय अगदी बरोबर काढलात. आमच्याकडे कोहा ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी संगणक प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 साली तिथे सुरू झालेली ही प्रणाली फुकट मिळते आणि तिचा कोडही खुला आहे. पण ती बसवून झाल्यावर मराठी शोध धड चालेना. नाव पुढ्यात दिसतंय, शोधलं की ‘काही सापडलं नाही’. कारण नंतर कळलं. कोहासोबत झेब्रा नावाची शोधयंत्रणा असते आणि तिची अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) दोन पद्धतींनी करता येते. देवनागरीसाठी त्यातली आयसीयू पद्धत निवडावी लागते आणि मग सगळी अनुक्रमणी नव्याने चालवावी लागते. बसवून देणाऱ्याला हे आधीच बजावून सांगा.

त्याहून किचकट दुखणं अक्षरांचं आहे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातलं ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी टाइप होतं. डोळ्याला दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. ‘ॲ’चंही तसंच. कुणी एक अक्षर म्हणून टाकतो, कुणी ‘अ’वर चंद्र देतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला डेटा कन्व्हर्टरने बदलून घेतला असेल तर हा घोळ हमखास असतो. आम्ही एक तक्ता करून टेबलावर चिकटवला : कुठलं अक्षर कसं टाइप करायचं. नोंद करणारे तिघेही त्याच तक्त्याने चालतात. जुन्या नोंदी ‘शोधा आणि बदला’ वापरून एकसारख्या केल्या. काम कंटाळवाणं आहे, पण ते झाल्यावर शेतीच्या कपाटातली बरीच पुस्तकं शोधात पहिल्यांदा वर आली आणि मुलांनी ती नेलीसुद्धा. मला याचं फार समाधान आहे.

लेखकाच्या नावाचंही आधीच ठरवून घ्या. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची दोन नावं. वाचक कुठल्याही नावाने आला तरी त्याला दोन्हींखालची पुस्तकं मिळाली पाहिजेत. कार्ड तालिकेत आपण ‘पाहा’ नोंद करायचो, तीच इथेही करता येते.

बीड जिल्हा, गावातलं वाचनालय

आमच्याकडं कॉम्प्युटर नाही, मोबाइलवरच समदं करायलो. टाइप करायला वेळ लागतो म्हणून बोलून टाइप करतो. ग्रंथनाम बऱ्यापैकी बरोबर उमटतं, आडनावं मात्र तपासावी लागतात. नवीन पुस्तकं आली की मुखपृष्ठाचा फोटो अन् मागची चार ओळी माहिती व्हॉट्सअॅप गटावर टाकतो. बाया वाचनालयात यायला बिचकायच्या. आता गटावर नाव सांगतात, पोरगं येऊन पुस्तक घेऊन जातं. दिवाळी अंकांला तर नंबर लावायलेत. लाइट गेली तरी देवघेव थांबत नाही. वही चालूच ठेवलीय, संध्याकाळी शीटमध्ये भरतो. वही बंद करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

परभणी, तालुक्याचं वाचनालय

मला नोंदीपेक्षा शोधून देण्याच्या कामाने जास्त शिकवलं. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, त्यांना मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंद कशी शोधायची ते दाखवते. जाड खंड कपाटात आहेतच, पण एका वेळी एकालाच मिळतो. पीएच.डी. करणारी एक मुलगी यायची. गावात संदर्भ नाहीत म्हणून दर महिन्याला विद्यापीठात जायची. तिला शोधगंगा उघडून दिली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे प्रबंधांचं भांडार कुणालाही फुकट वाचता येतं. मराठी विषयाच्या प्रबंधांचं शीर्षक कधी देवनागरीत भरलेलं असतं, कधी रोमनमध्ये, म्हणून दोन्ही लिप्यांत शोधायचं. ‘लोकगीत’ देवनागरीत टाकलं तेव्हा एक यादी आली, रोमनमध्ये टाकलं तेव्हा वेगळीच. तिने तिथेच बसून प्रकरणं उतरवून घेतली. शेतीवरचे प्रबंध हवे असतील तर कृषिकोश पाहा, कृषी विद्यापीठांचं साहित्य तिथे असतं.

जालना

निजामाच्या काळातली उर्दू पुस्तकं आमच्या कपाटात वर्षानुवर्षं बंद होती, कारण आम्हाला कुणालाच ती वाचता येत नव्हती. एक निवृत्त उर्दू शिक्षक रोज दुपारी येऊन शीर्षकं वाचून देतात, मी नोंद करतो. मार्क या कॉम्प्युटरवर ग्रंथनोंद लिहायच्या पद्धतीत 880 हे क्षेत्र दुसऱ्या लिपीतल्या नोंदीसाठीच आहे. त्यामुळे एकाच पुस्तकाची नोंद उर्दूतही दिसते आणि देवनागरीतही. हैदराबाद संस्थानातल्या आपल्या मागच्या पिढ्यांचा कारभार त्या लिपीत झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या वाचनालयाने हे काम टाळू नये.

लातूर

जुनी पुस्तकं स्कॅन करणाऱ्यांसाठी एक. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. तो संपलेला असेल तरच पूर्ण पुस्तक सगळ्यांसाठी ठेवा. बाकीच्यांचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका एवढंच ठेवतो, तेवढ्यानेही वाचकाचं काम होतं.

हिंगोली जिल्हा

सगळं वाचलं. मी एकटीच आहे, दिवसातला तासभर मिळतो. पुस्तकं काही हजार. सुरुवात दाखलांक 1 पासून करू का?

धागाकर्ती

नको ताई. दाखलांक 1 पासून सुरू केलं तर पहिले कित्येक महिने तुम्ही जीर्ण आणि कुणी न मागणारी पुस्तकं भरत बसाल. जे पुस्तक परत येईल त्याची नोंद आधी करा, मगच ते कपाटात ठेवा. नोंद झाल्याची खूण म्हणून कण्यावर छोटा ठिपका लावा. जी पुस्तकं फिरतात ती अशीच भरली जातील आणि शोध घेणाऱ्याला लगेच उपयोग होईल. न फिरणारी वार्षिक परिगणनेच्या वेळी घ्या, तेव्हा तसंही प्रत्येक पुस्तक हातात येतं. ड्यूई दशांश पद्धतीचे वर्गांक टाकताना मराठी कविता 891.461 आणि कादंबरी 891.463 एवढे दोन पाठ ठेवलेत तरी तुमचं अर्धं कपाट लागेल. शीटची एक प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह घरी ठेवा.