मदत हवी आहे: शॉर्टस्टॉप खेळणाऱ्या मुलाची पारख कोणाकडून आणि कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, हायस्कूलच्या बेसबॉल संघात शॉर्टस्टॉप खेळतो. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा, साधारण आपल्या पॉइंटसारखी, संघातल्या सगळ्यात चपळ पोराला तिथे उभं करतात. त्याला पुढे व्यावसायिक खेळायचंय आणि हे वेड वरवरचं नाही. घरच्यांचं कौतुक पुष्कळ झालं, आता जाणकाराचं मत हवंय.

गेल्या उन्हाळ्यात पैसे भरून एका शोकेसला (जाणकारांसमोर खेळ दाखवायचा मेळावा) गेलो होतो. तिथले आकडे: साठ यार्डांची धाव 6.9 सेकंदांत, फटका मारून पहिल्या बेसपर्यंत 4.4 सेकंद (उजव्या हाताने खेळतो), इनफिल्डमधून (बेसांच्या आतल्या भागातून) थ्रो ताशी 80 मैल. उंची पाच फूट नऊ इंच. खाली शेरा एका ओळीचा: हात (म्हणजे चेंडू अडवण्याचं कसब) चांगले, थ्रो कमी पडतो, पुढे सेकंड बेस (तिथून थ्रो जवळचा असतो). शाळेचे कोच मात्र ठाम आहेत की हा शॉर्टस्टॉपच.

मला काय दिसतं ते सांगते. पिचरच्या हातून चेंडू सुटताना हा चवड्यांवर हलकीशी उडी घेतो, त्यामुळे पहिलं पाऊल योग्य दिशेला पडतं. ग्लव्हमधला चेंडू फेकायच्या हातात कधी आला ते कळतसुद्धा नाही. अडतं ते एकाच ठिकाणी. तिसऱ्या बेसच्या अंगाला खोल गेलेला चेंडू बॅकहँडने अडवला, उजवा पाय रोवला आणि पहिल्या बेसवर फेकला, की तो टप्पा खाऊन पोचतो. तोवर धावणारा बेसवर असतो. शाळेच्या सामन्यात हे खपून जातं, वरच्या पातळीवर खपणार नाही.

स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, 20 ते 80 च्या पट्टीवर गुण देतात, 50 म्हणजे मेजर लीगमधला (सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमधला) सरासरी खेळाडू. बॅटिंग, ताकद, धावणं, थ्रो, फिल्डिंग, प्रत्येकाला आजचा आणि पुढचा असे दोन आकडे. माझा खरा प्रश्न या 'पुढच्या' आकड्याचा आहे. सतराव्या वर्षी अंग भरायचं बाकी असताना थ्रो किती वाढेल हे कशावरून ठरवतात? खांदा, कंबर, फेकण्याची पद्धत, की नुसता अनुभवी डोळा?

हात घडवता येतात, हे मेजर लीगमधल्या मार्कस सेमियनकडे बघून पटतं. 2015 मध्ये ओकलंडकडून शॉर्टस्टॉप खेळताना त्याच्या 35 चुका झाल्या. मग रॉन वॉशिंग्टन या कोचने त्याच्याकडून रोज जवळून टप्प्याचे चेंडू घोटवून घेतले आणि त्याने ती जागा टिकवली. पण थ्रोचं काय? तो असा मेहनतीने वाढतो का?

सेमियनला 2008 मध्ये हायस्कूलमधूनच ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तो) 34 व्या फेरीत निवडलं होतं. तो बर्कलीला कॉलेजात गेला आणि 2011 मध्ये सहाव्या फेरीत आला. आता ड्राफ्टच्या 20 च फेऱ्या उरल्यात, म्हणजे 34 वी फेरी नाहीच. त्यामुळे आधी कॉलेज, हे माझ्या मनाने घेतलंय. नवऱ्याला वाटतं अजून एक शोकेस करावं. मला वाटतं तेच पैसे दोन-तीन कॉलेजांच्या स्वतःच्या कॅम्पला घालावेत, कारण निवड करणारे कोच तिथे स्वतः हजर असतात.

ज्यांची मुलं कॉलेजात खेळली आहेत त्यांनी कृपया सांगा: या उन्हाळ्यापासूनच त्याला सेकंड बेसवरही खेळवावं का, की त्याने शॉर्टस्टॉपचा दावा कच्चा होतो? थ्रोसाठी लाँग टॉस (लांबवर चेंडू फेकायचा सराव) पुरे, की वजनी चेंडूंचा सरावही लावावा? कोपराची मला फार काळजी वाटते, त्यामुळे कोणाच्या मुलाला त्रास झाला असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. आणि शाळेत धातूची बॅट असते, तर लाकडी बॅटवरचे व्हिडिओ वेगळे पाठवावे लागतात का?

बॅकहँडचे आणि बॅटिंगचे व्हिडिओ आहेत, बघायची तयारी असेल त्यांना व्यनि करते.